तमाशा कलावंतांवर कलासंशोधन करताना संमती कशी घ्यावी

पीएच.डी.साठी तमाशातल्या कलावंतांचं चित्रीकरण किंवा त्यांच्या आयुष्यावर नाट्यप्रयोग करायचा असेल, तर फडमालकाची सही पुरेशी समजू नका. मालक फार तर कनातीत कॅमेरा नेऊ देईल. आवाज, चेहरा, आयुष्याची हकिकत यांची परवानगी जिची तिनेच द्यायची. अनेक कलावंतांनी मालकाकडून उचल घेतलेली असते. त्याच्यासमोर विचारलं तर नकार देणं त्यांना परवडत नाही.

चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या धावपळीत विचारू नका. पावसाळ्यात फड बंद असतात, तेव्हा घरी जाऊन बोला. संमतीचा फॉर्म वाचून दाखवा आणि उत्तरासाठी किमान आठवडा द्या. मानधन पहिल्या भेटीतच द्या, उत्तर काहीही येवो. होकारानंतर दिलेला पैसा होकाराची किंमत ठरतो.

एकाच सहीत सगळं उरकणं ही नेहमीची चूक. हो-नाही वेगवेगळं विचारा: ध्वनिमुद्रण, चेहरा दिसणारं चित्रीकरण, प्रबंधातले उतारे, दुसऱ्या नटीने रंगमंचावर त्यांचे शब्द बोलणं, इंटरनेटवर टाकणं. मुलाखतीला आनंदाने बसलेली बाई स्वतःचे शब्द परक्या तोंडून ऐकायला तयार असेलच असं नाही. वाचता येत नसेल तर उत्तरं रेकॉर्ड करा. साक्षीदार फडाच्या व्यवस्थापनातला नको. १८ वर्षांखालील कलावंत असेल तर पालकांची संमती घ्याच, पण मुलाने नाही म्हटलं तर तिथेच थांबा.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. फड, गाव आणि ठरलेली लावणी, एवढ्यावरून जाणकार माणूस ओळखतो. मंजूर झालेला प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जातो आणि कोणालाही वाचता येतो. म्हणून मुलाखतींची पूर्ण लिखितं परिशिष्टात जोडू नका. माघार घ्यायची शेवटची तारीख फॉर्मवर लिहा, प्रबंध सादर करण्याआधी ३० दिवसांची तरी. त्याआधी चित्रीकरणाचं कच्चं संकलन दाखवा, प्रयोगाची संहिता वाचून दाखवा. खटकलेला भाग नाटकाचा कणा असला तरी काढावा लागतो. असा प्रसंग येईल हे धरूनच संहिता बांधा.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ गायक-नर्तकांना सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क देतं. प्रबंधासाठी घेतलेलं लावणीचं रेकॉर्डिंग पुढे महोत्सवात दाखवायचं असेल, तर पुन्हा विचारा आणि नवी सही घ्या.