रोमला चार दिवसांसाठी जाताय? या चुका टाळा

रोममध्ये काही बघायचं राहून गेलं तर त्याचं कारण बहुतेक वेळा पैसा नसतो, वार आणि वेळ न बघणं हे असतं. विमानाची तिकिटं चार-चार महिने आधी काढणारी मंडळीसुद्धा रविवारी सकाळी व्हॅटिकन म्युझियमच्या बंद दारापाशी उभी दिसतात.

हे म्युझियम रविवारी बंदच असतं. अपवाद महिन्यातल्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी सकाळी प्रवेश फुकट, त्यामुळे गर्दीचं काही विचारू नका. म्युझियममधल्या सिस्टीन चॅपेलचं छत रंगवायला मायकेलँजेलोला १५०८ ते १५१२ एवढा काळ लागला. ते धक्के खात बघण्यापेक्षा पैसे भरून मधल्या वारी गेलेलं बरं. बुधवारी सकाळी मात्र सेंट पीटर्स चर्चचा बेत आखू नका. पोप रोममध्ये असले की त्या दिवशी त्यांच्या दर्शनाला तिथे हजारो लोक लोटतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडी, पंजाबी ड्रेसवाल्यांना काळजी नाही; दारात अडतात ते हाफ पँट घातलेले बाबा लोक.

कॉलोसियम बघून परत फिरणं

कॉलोसियमच्या साध्या तिकिटातच रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडी येते. तरीही बरेच जण फोटो काढून जेवायला पळतात. जुनं रोम खरं तर फोरममध्ये आहे: सिनेटची इमारत, देवळांचे खांब, सीझरचं दहन झालं ती जागा. तिथे सावली जवळजवळ नाही, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर जा. तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट जवळ असू द्या. तिकीट मिळालंच नाही तर बाहेर घोटाळणाऱ्या दलालांच्या नादी न लागता कॅम्पिदोलिओ चौकाच्या मागच्या बाजूला जा. तिथून अख्खा फोरम खाली पसरलेला दिसतो, तोही फुकट.

बोर्गेझे गॅलरी या कलासंग्रहालयाचंही वार-वेळेचं तसंच. सोमवारी बंद, बुकिंग सक्तीचं, आत दोन तास. शिल्पकार बर्निनीचं ‘अपोलो आणि डॅफ्नी’ तिथे आहे; अपोलोपासून पळताना झाड होणाऱ्या डॅफ्नीच्या बोटांना पानं फुटतायत तो क्षण संगमरवरात कोरलाय. जागा भरल्या असतील तर सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमध्ये त्याचंच स्पेनच्या संत तेरेसाचं शिल्प बघा. तिकीट लागत नाही.

चर्चसाठी दुपार राखणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. उन्हात थकलं की चर्चमध्ये टेकू, असा हिशेब असतो. पण पुष्कळ चर्च दुपारी दोन-तीन तास बंद असतात. पियाझ्झा नव्होना या चौकाजवळच्या सान लुईजी देई फ्रांचेसी या चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. सकाळी किंवा चारनंतर जा, डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यापर्यंत चला आणि खिशात सुटी नाणी ठेवा. डबीत नाणं टाकलं की दिवा लागतो. त्यातल्या एका चित्रात उजवीकडून आलेला तिरपा उजेड, पैसे मोजणारी माणसं, येशूने बोलावल्यावर ‘मी?’ असं विचारणारं बोट. इतक्यात दिवा विझतो. दुसऱ्या कोणीतरी नाणं टाकेल म्हणून सगळेच थांबतात. तुम्हीच टाका! पुढे पियाझ्झा देल पोपोलोच्या चर्चमध्ये काराव्हाज्जोची आणखी दोन चित्रं आहेत.

बारीकसारीक, पण खिशाला लागणारं

बसचं कागदी तिकीट नुसतं विकत घेऊन चालत नाही, चढल्यावर मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं. नाहीतर तपासनीस दंड करतो. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, तिथेही दंड. पाण्याच्या बाटल्या कशाला घ्यायच्या? गल्लोगल्ली ‘नासोने’ नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, सरळ तोंड लावा. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, टेबलाचा दर वेगळा असतो.

कडक शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा: काचो ए पेपे पास्त्यातलं पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने (दूध फाडणाऱ्या पदार्थाने) बनतं. पिझ्झा मारिनारा मागवा, त्यात चीजच नसतं.