बाल न्याय मंडळावर पहिल्यांदा बसण्याआधी

बाल न्याय मंडळ म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराखालच्या मुलांची प्रकरणं पाहणारं मंडळ. त्याच्या सदस्यपदी नेमणुकीचं पत्र आलं की आधी २०१५ चा बाल न्याय कायदा आणि महाराष्ट्राचे २०१८ चे नियम छापून घ्या. मोबाइलवर वाचून भागत नाही. सगळं पाठ करायची गरज नाही. कलम ३, १२, १४, १५, १८ आणि ९४ ला खुणेच्या चिठ्ठ्या लावा. प्रशिक्षण नेमणुकीपासून साठ दिवसांत मिळायला हवं, पण पहिली बैठक त्याआधीही लागू शकते. बाल न्यायात सुधारणा म्हटली की लोक नवा कायदा मागतात. माझ्या मते आहे तो पुरेसा आहे, घोडं अडतं ते पहिल्या पंधरवड्यात.

बैठकीची खोली आधी पाहून या. उंच चौथरा नको, साक्षीदाराचा पिंजरा नको, असं नियमच सांगतात. पोलीस साध्या कपड्यांत आहेत ना, मुलाला बेड्या नाहीत ना, रात्री त्याला कोठडीत ठेवलं नव्हतं ना, हे त्याला स्वतः विचारा. मुलाला चोवीस तासांत मंडळासमोर आणायचं असतं; त्याचं गणित अटकेच्या कागदावरून मांडा, तोंडी सांगण्यावरून नाही.

मंडळात प्रधान दंडाधिकारी आणि दोन समाजसेवी सदस्य असतात, पण बैठक नसेल तेव्हा मूल एकट्या सदस्यासमोर आणता येतं. म्हणजे रविवारी दुपारी तुम्ही एकटेच असू शकता. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला, त्या अपघातानंतर हेच झालं. जामिनासोबत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला आणि सगळा देश खवळला. तेव्हा जामिनाच्या अटी ऐनवेळी सुचतील या भरवशावर राहू नका. समुपदेशक कोण, व्यसनमुक्ती केंद्र कुठलं, पालकांनी नेमकं काय करायचं, याची स्थानिक माहिती आणि फोन नंबर वहीत तयार हवेत. जामीन हा नियम आहे आणि गुन्हा अजामीनपात्र असला तरी तो लागू होतो. नाकारायचा तर कारण लिहायचं: गुन्हेगारांची संगत, मुलाला धोका किंवा न्यायाचा हेतू विफल होणं. ‘गुन्हा गंभीर आहे’ एवढंच कारण चालत नाही. आणि जामीन मिळूनही अटी पुऱ्या न झाल्यानं कोणी सात दिवसांहून जास्त आत राहिलंय का, हे दर आठवड्याला तपासा. गरिबाघरची पोरं इथेच अडकतात.

वयाचा कागद हा वेगळाच घोळ. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. दाखल्यावर १ जून दिसला तर दचकू नका. गुरुजींनी नाव घालताना अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्याच दिवशी करून टाकलाय. तारीख शंकास्पद वाटली तर शाळेचं मूळ नोंदवही-पान मागवा.

परिवीक्षा अधिकाऱ्याची, म्हणजे मुलाच्या घरची-दारची चौकशी करून मंडळाला कळवणाऱ्या अधिकाऱ्याची, ओळख पहिल्याच दिवशी करून घ्या. त्यांचा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यायला हवा. ‘कुटुंब गरीब, संगत वाईट’ एवढ्यावर संपला तर परत पाठवा. शाळा कुठल्या इयत्तेत सुटली, घरात रात्री कोण असतं, आजी-मामा कोणी सांभाळेल का, हे त्यात हवं. याच उत्तरांवर कलम १८ चा, म्हणजे मुलाचं पुढे काय करायचं याचा, आदेश उभा राहतो.

सोळा वर्षांवरच्या मुलावर किमान सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर प्राथमिक मूल्यांकन येतं, म्हणजे त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का हे पाहणं, तेही तीन महिन्यांत. मानसशास्त्रज्ञ आधी शोधून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की मंडळात बालमानसशास्त्र किंवा मानसोपचारातली पदवी असलेला व्यावसायिक नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते. या मूल्यांकनात गुन्हा झाला की नाही हे ठरवायचं नसतं.

निरीक्षणगृहाला, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या घराला, महिन्यातून किमान एक भेट ठेवा, तीही न सांगता. जेवणाच्या वेळी जा, मुलांशी अधीक्षकांविना बोला. मोठ्यांच्या तुरुंगातही चक्कर हवी, तिथे एखादं अठराखालचं पोर वय चुकीचं लागल्यानं बसलेलं सापडतं.

आणि सुटणाऱ्या मुलाची फाईल सुटकेच्या दिवशी उघडू नका. शाळेत किंवा आयटीआयत प्रवेश, आधार, बँक खातं, घरी परतणं सुरक्षित आहे का, हे आधीच मिटवा. अपिलाची मुदत संपली की नोंदी नष्ट करण्याचा आदेश पोलीस ठाण्यात पोचला का, तेही पाहा, नाहीतर चार वर्षांनी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ते प्रकरण पुन्हा वर येतं.