परग्रहाचा भूशास्त्रीय नकाशा : लोणारच्या काठावरून सुरुवात

मंगळाचा नकाशा काढायला बसण्याआधी विदर्भातल्या माणसाने एकदा लोणारला जाऊन ईशान्येकडची धार नीट पाहावी. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात झाले. पुढे पाण्याने त्याचा काठ कापून घळ पाडली आणि वाहून आणलेला गाळ आत पंख्यासारखा पसरला. विवर आधी, घळ नंतर, गाळ त्याहून नंतर, हा क्रम तेथे उघड्या डोळ्यांनी वाचता येतो आणि नकाशातही हाच क्रम उतरवायचा असतो.

सरावासाठी मंगळावरचे येझेरो विवर घ्यावे. ते सुमारे ४५ किलोमीटर रुंद असून त्याचाही पश्चिम काठ एका प्राचीन नदीने कापला आहे व आत त्रिभुज प्रदेश आहे. क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी उंचीची माहिती आणि तिच्यावर कक्षेतून टिपलेली छायाचित्रे बसवावीत. छायाचित्रात ऊन कोणत्या बाजूने पडले आहे हे प्रथम ठरवावे, कारण ते चुकले की खड्डा टेकडीसारखा दिसू लागतो. शंका आल्यास उंचीचा छेद काढून पाहावा.

त्यानंतर एकसारख्या दिसणाऱ्या भूभागांच्या, म्हणजे घटकांच्या, सीमा आखाव्यात. धुरा पक्का झाल्याशिवाय शेत कोणाचे हे जसे सांगता येत नाही, तसेच सीमेशिवाय रंग भरण्यात अर्थ नाही. प्रत्येक घटकाचे वर्णन गुळगुळीत, खडबडीत, वरंबे असलेला असे दिसते तसेच लिहावे. ‘तळ्याचा गाळ’ हा निष्कर्ष आहे, म्हणून त्याला वेगळा रकाना ठेवावा. माझ्या मते बहुतेक नकाशे येथेच बिघडतात.

मग कोणी कोणाला कापले आणि कोण कोणावर पसरले हे प्रत्येक सीमेवर तपासावे. कापणारे नंतरचे, झाकणारेही नंतरचे. विवरांची दाटीही वय सुचवते, कारण जुन्या पृष्ठावर आघात अधिक साचतात. मात्र मोठ्या आघाताने उडालेल्या दगडांनी पाडलेले दुय्यम खड्डे मोजणीतून वगळावेत, आणि झिजेने किंवा धुळीने लहान विवरे पुसलेली असतील तर पृष्ठ आहे त्याहून तरुण भासते हे ध्यानात ठेवावे. वर्षांतले आकडे अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या खडकांच्या वयाशी ताडून, मग मंगळासाठी जुळवून घेतलेले असतात, त्यामुळे त्यांच्यात मोठी अनिश्चितता राहते.

जेथे सीमा स्पष्ट दिसत नाही, तेथे तुटक रेघ ओढावी.