कोकणचा सागरी मार्ग सायकलने करताय? या चुका टाळा

दिवाळी संपली की फोन सुरू होतात. "अलिबाग ते गोवा पाच दिवसांत होईल ना? मॅपवर पाचशेच्या आसपास दाखवतोय, आणि रोज शंभर तर आम्ही मारतोच." रोज शंभर कुठे मारता? सोलापूर हायवेवर, रिकाम्या सायकलवर, पहाटेच्या गारव्यात. कोकणात तो हिशेब चालत नाही.

किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा

सगळ्यात जास्त ट्रिपा या एका चुकीने मोडतात. सह्याद्रीतून कोकणात उतरणारी नदी किनाऱ्याशी खाडी होते आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उंच पठार असतं. रस्ता खाडीला शून्यावर येतो, पलीकडे सड्यावर चढतो, पुढच्या खाडीला पुन्हा खाली. एकच मोठा घाट असता तर माणूस लय पकडून चढला असता. इथे किलोमीटर-दीड किलोमीटरचे चढ, पण उभे, कुठे कुठे १० टक्क्यांच्या वर, आणि दिवसभर एकामागून एक. शंभर किलोमीटरमध्ये दीड हजार मीटर चढाई सहज होते. शिवाय मध्ये फेरीबोट. ती तिच्या वेळेला सुटते, तुमच्या नाही.

एका वर्षी आमच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर होता. पाय दणकट, पण ऐकायची तयारी नाही. हर्णैहून निघून एका दिवसात गणपतीपुळे गाठायचं त्याने ठरवलं. म्हणजे आधी दापोलीपर्यंत सुमारे ८०० फूट चढ, मग दाभोळला समुद्रसपाटीवर उतार, दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, हेदवी, तवसाळ, तिथून जयगडची दुसरी फेरी. आम्ही गुहागरला मुक्काम केला. तो आणि त्याचा मित्र उन्हातच पुढे गेले. तवसाळच्या जेट्टीवर पोचले तेव्हा शेवटची बोट सुटून गेली होती. अंधार पडला होता, बाटल्या रिकाम्या होत्या. दुसरा मार्ग म्हणजे मागे फिरून पुन्हा चढ चढायचे आणि भातगावच्या पुलावरून रात्री लांबचा वळसा घ्यायचा. गावातल्या एका घराने पडवी दिली, भात आणि कुळथाची पिठी वाढली, म्हणून निभावलं. सकाळी त्याचा गुडघा इतका सुजला होता की पेडल फिरेना. चढावर उभं राहून जड गिअर रेटल्याचं ते फळ. दोघंही घरी परतले. किती हौसेने आले होते, आजही वाईट वाटतं.

माझी पद्धत साधी आहे. कागदावर दिवसाच्या खाड्या आणि फेऱ्या लिहितो. दिवसाला फेरी एकच. दुसरी घ्यायचीच असेल तर ती दुपारच्या जेवणाआधी. अंतर ६०-६५ किलोमीटर. शेवटच्या बोटीची वेळ नेटवर बघून समाधान मानत नाही, आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचारतो. ही मंडळी रोज त्याच बोटीने जातात.

उतारावर ब्रेक धरून ठेवू नका

ही माझी दुसरी दुखरी नस. चढाला सगळे घाबरतात, अपघात मात्र उतारावर होतात. मागे पंधरा किलो सामान, समोर खाडीचा तीव्र उतार, आणि नवखा माणूस वरपासून खालपर्यंत दोन्ही ब्रेक हलके दाबून ठेवतो. रिम ब्रेक असेल, म्हणजे चाकाच्या कडेला दाबणारा, तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक असेल, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या चकतीला दाबणारा, तर पॅड तापून पकड सोडतात. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक घट्ट दाबा, वेग पाडा, सोडा, वळण घ्या. मध्ये हवा लागली की रिम थंड होते. तरी तापलीच तर थांबा. दोन मिनिटांनी कुणाचं काही अडत नाही.

वळणावर समोरून एसटी आली की ती अख्खा रस्ता घेते. डावी कड सोडू नका, पण कडेच्या लाल खडीवर चाकही घालू नका. आणि उतार संपतो तो जेट्टीवर. तिथला काँक्रीटचा उतार शेवाळलेला असतो, बोटीची लोखंडी फळी ओली असते. खाली उतरून सायकल हातात धरून चालत जा. त्या फळीवरून चालवत नेण्यात कसलीही बहादुरी नाही.

बाकीच्या चुका

पाठीवर सॅक नको. कोकणातल्या दमटपणात पाठ भिजते, खांदे आखडतात. कॅरिअरला पॅनियर, म्हणजे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या लावा.

मागच्या कॅसेटची, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाची, सगळ्यात मोठी चकती निदान ३४ दातांची हवी. आणि हलका गिअर चढ सुरू व्हायच्या आधी टाका, चढावर जोर देता देता नाही. चेन तिथेच तुटते.

नवं सीट, नवे बूट, नवी शॉर्ट ट्रिपच्या पहिल्या दिवशी वापरू नका. पॅडवाल्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालू नका.

बारीक व्हॉल्व्हची ट्यूब असेल तर अ‍ॅडॅप्टर ठेवा, गावातल्या पंक्चरवाल्याकडे तिचा पंप मिळेलच असं नाही. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवा. तार तशीच राहिली तर पुढच्या वळणावर पुन्हा बसाल.

नुसतं पाणी पिऊ नका. घामातून मीठ जातं, ओआरएस ठेवा, मिळेल तिथे कोकम सरबत घ्या.

छोट्या गावात खाणावळ म्हणजे कुणाचं तरी घर. दोन वाजता दारात उभं राहून ताट मागू नका, सकाळीच फोन करून सांगा.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. हिवाळ्यात दुपारी वारा बहुतेक वायव्येकडून असतो, तो पाठीशी घ्या.

परतीचा विचार शेवटच्या दिवसावर ढकलू नका. गोव्याच्या हद्दीवर तेरेखोलला पोचल्यावर पेडणे, थिवी किंवा सावंतवाडी, ही स्टेशनं किनाऱ्यापासून आत आहेत. प्रत्येक गाडीला पार्सल डबा नसतो, म्हणून आधी स्टेशनवर चौकशी करा. पेडल काढून, हँडल फिरवून, पुठ्ठ्यात बांधलेली सायकल गाडीच्या बरीच आधी पार्सल ऑफिसला द्या.