सायरन कधी वाजवावा, कधी बंद ठेवावा

अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन रस्ता मोकळा करायला असतो, पेशंट गंभीर आहे हे गावाला कळवायला नाही. 25 मार्च 2020 ला कोरोनाची टाळेबंदी लागली आणि जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा-एरंडोल पट्ट्यात समोर वाहनच उरलं नाही, तरी सवयीने बटण दाबलं जायचं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत फेऱ्या वाढल्या, आणि प्रत्येक आवाजाला घराघरात धस्स व्हायचं.

म्हणून निघण्याआधीच ठरवा. ऑक्सिजनवरचा पण स्थिर पेशंट दुसऱ्या दवाखान्यात हलवताना वरचा दिवा पुरे. वाट अडली तरच आवाज. घाबरलेल्या पेशंटचा श्वास सायरनने आणखी वाढतो. गाडी रिकामी असेल किंवा आत मृतदेह असेल तर सायरन नाहीच.

मोकळ्या महामार्गावर लांब चढ-उताराचा सूर ठेवा, चौकाच्या शंभरेक मीटर आधी जलद सुरावर या. सूर बदलला की लोक मान वळवतात. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, आणि काचा लावून गाणी ऐकणाऱ्या कारवाल्याला तुम्ही अगदी मागे आल्यावरच कळतं. त्यामुळे सायरन चालू असला तरी चौकात पाय ब्रेकवरच हवा. दोन अ‍ॅम्ब्युलन्स पाठोपाठ असतील तर मागच्याने वेगळा सूर लावावा. नाहीतर पहिली गेली की लोक लगेच रस्त्यात घुसतात आणि दुसरी अडकते. कोरोनात हा घोळ फार व्हायचा. नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात आवाज डोंगरावर आदळून फिरतो, दिशा कळत नाही; तिथे वळणावर साधा हॉर्न बरा.

संसर्गाचा पेशंट असला की काचा उघड्या ठेवाव्या लागतात. मग भोंगा, म्हणजे सायरनचा स्पीकर, टपावर असेल तर सगळा आवाज केबिनमध्ये येतो, आणि मास्क-शील्डमधून डॉक्टर काय म्हणतात ते ड्रायव्हरला ऐकूच येत नाही. भोंगा पुढच्या बंपरजवळ, तोंड समोर करून बसवलेला चांगला.

आवाज बसका झाला तर अ‍ॅम्प्लिफायरला (आवाजाला ताकद देणाऱ्या पेटीला) दोष देण्याआधी अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला नटाने जोडलेली वायर, बघा. 100 वॅटचा सायरन 12 व्होल्टवर 8 ते 10 अँपिअर खेचतो, गंजलेल्या नटावर तेवढा प्रवाह टिकत नाही. नट घासून घट्ट करा. एका भोंग्यासाठी असलेल्या 100 वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला दुसरा भोंगा जोडू नका, अ‍ॅम्प्लिफायर जळतो. आणि उन्हाळ्यात भोंग्याच्या तोंडात धूळ साचते. ती कोरड्या ब्रशने काढा, पाण्याचा फवारा मारू नका, आतला पडदा खराब होतो.