टाचेमागचं दुखणं आरामाने नव्हे, वजनाने गेलं

सकाळी पलंगावरून उतरलं की उजव्या टाचेच्या वर, अकिलीस टेंडनमध्ये (पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीत) चमक निघायची. चिमटीत धरलं तर तो भाग डाव्यापेक्षा जाड लागायचा. आराम केला की बरं वाटायचं, टेकडी चढायला घेतली की पुन्हा तेच.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलेलं कारण मला फार पटलं. शरीरातल्या ऊतींवर नेहमीपेक्षा कमी ताण पडला तर त्या अशक्त होतात, थोडा जास्त पडला तर भक्कम होतात, फारच जास्त पडला तर इजा होते. नुसत्या आरामाने टेंडनची ताकद घटते आणि पूर्वी सहज झेपणारी चढणही झेपेनाशी होते.

मग व्यायाम सुरू केला. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून दोन्ही टाचा उचलायच्या, सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं आणि टाच अगदी सावकाश पायरीच्या खाली न्यायची. वर येताना चांगल्या पायाने जोर द्यायचा. १५ वेळा, असे ३ सेट आधी गुडघा सरळ ठेवून, मग तितकेच वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली ही पद्धत. सहज जमायला लागल्यावर पाठीवर सॅक घेतली, त्यात तांदळाची पिशवी.

करताना थोडं दुखतं, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चमक वाढली तर मात्र मी वजन उतरवायचो. आता चढण बिनधास्त चढतो. टेंडन टाचेच्या हाडाला चिकटतं तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नका. सपाट जमिनीवरच करा.