कॅम्पमधली मोकळ्यावरची उपासना: आधी काय काय बघून ठेवायचं

मुलांच्या ख्रिस्ती कॅम्पची यादी करताना तंबू, जेवण, खेळ आधी लिहिले जातात आणि उपासना उरलेल्या वेळेत बसवली जाते, तेवढं प्लीज उलटं करा. टीमने आधी एकत्र बसून येणाऱ्या मुलांची नावं घेऊन प्रार्थना करा आणि टाइमटेबलमध्ये सकाळची शांत वेळ, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने वचन वाचून प्रार्थना करायची वेळ, सगळ्यात पहिली लिहा. बायबलमधल्या मार्क 1:35 मध्ये येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, मुलांना तेवढं वचन पुरतं, त्यावर लांब संदेश नको.

जागा आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघा. ऊन मुलांच्या डोळ्यांवर यायला नको, बोलणाऱ्याच्या आलं तर चालेल, आणि वारा त्याच्याकडून मुलांकडे वाहत असला की आवाज बराच लांब जातो, एकाने पुढे उभं राहून स्तोत्र 19 वाचायचं, दुसऱ्याने शेवटच्या रांगेत बसून ऐकायचं, लगेच कळतं. व्हीलचेअर तिथवर जाते का तेही बघा. गीतांच्या कागदांना क्लिपा लावा, गिटार सावलीत ठेवा नाहीतर सूर हलतात, जादा तारा घ्या. बायबल छापीलच, कारण उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि एक मेसेज आला की लक्ष गेलंच. चटया, टॉर्च, डासांचं क्रीम, पाऊस आला तर छप्पर.

शांत वेळेला प्रत्येकाने वेगळं बसायचं पण लीडरला दिसेल असं, सोबत वही-पेन आणि एकच प्रश्न, या वचनात देव कसा दिसतो? लहानांना पाच-सात मिनिटं खूप झाली. आणि त्या वेळात मागे गिटार वाजवत बसू नका हो, पानांचा आवाज येऊ दे, पोरांना अशी शांतता एरवी मिळतच नाही.

शेकोटीसाठी परवानगी, पाण्याच्या बादल्या आणि राख हाताला गार लागेपर्यंत थांबणारं कुणीतरी ठरवून ठेवा. साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, कुणालाही भाग पाडायचं नाही. रात्री मुलं दमलेली असतात, पटकन रडू येतं, अशा वेळी 'मी येशूला स्वीकारतो' म्हणून सगळ्यांसमोर हात वर करायला लावण्यापेक्षा सकाळी शांतपणे विचारलेलं मला कधीही जास्त खरं वाटतं. एकट्या मुलासोबतची प्रार्थना इतरांच्या नजरेसमोरच करा, आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, त्याला कुणी त्रास देत असेल तर ते कॅम्पप्रमुखांना सांगावंच लागतं.

घरी गेल्यावर कोणत्या मुलाला कोण फोन करणार तेही निघायच्या आधीच वाटून घ्या.